दहा एप्रिलचं पत्र

'ब्लॅक' २००५च्या फेब्रुवारीत लागला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. राणी मुखर्जी दोन्ही हात पुढे धरून चार्ली चॅप्लिनसारखी फेंगडी चालते आणि अमिताभ बच्चन तिच्या तळहातावर बोटांनी काहीतरी लिहितो, एवढंच डोक्यात राहिलं होतं. माझ्या मावशीसाठी मात्र तो सिनेमा थिएटरातून कधी उतरलाच नाही. तिचा मुलगा २००८ साली सातव्या महिन्यात जन्मला. मेंदूला प्राणवायू कमी पडला होता. डोळे तपासले तर ठीक, पण डोळ्यांनी पाठवलेलं मेंदूला नीट वाचता येत नाही. सोबत सेरेब्रल पाल्सी, अधूनमधून फिट्स. ऐकू येतं, बोलता येत नाही. तेव्हापासून घरी येणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी चहाचा कप खाली ठेवता ठेवता विचारतंच, "'ब्लॅक' बघितलात का हो तुम्ही?" बँकेतल्या मैत्रिणी, खालच्या मजल्यावरच्या काकू, एकदा तर रिक्षावाला. सगळ्यांचं मन चांगलं. आणि सगळ्यांना म्हणायचं एकच असतं, की असा एखादा सर भेटला की तुमचं पोरही एक दिवस बोलेल बघा.

मावशीने तो मुद्दामच बघितला नव्हता. २०२४मध्ये तो नेटफ्लिक्सवर आला. त्या दिवाळीत मी सांगलीला गेले होते, तेव्हा एका दुपारी आम्ही दोघींनी तो लावला. भाऊ तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता. कारंज्याचा प्रसंग आला, चिमुकली मिशेल पाण्यात उभी राहून तो एक अर्धवट शब्द उच्चारते, संगीत छतापर्यंत चढतं, आणि मावशी म्हणाली, "थांबव जरा." मला वाटलं, रडू आलं असेल. मी थांबवलं. ती म्हणाली, "याने त्या पोरीचे हात किती वेळा धरले, मोजलेस का गं?"

मी मोजले नव्हते. पुण्याला परत आल्यावर मी तो सिनेमा पुन्हा लावला, मोजायलाच. मोजणी मध्येच सोडून दिली, कारण आकड्यापेक्षा भलतंच काहीतरी दिसायला लागलं होतं. मग 'द मिरॅकल वर्कर' बघितला, फ्रान्सचा 'मारी ह्युर्तां' बघितला, हर्झॉगचा माहितीपट बघितला, आणि ॲन सलिव्हनची पत्रं वाचली. जे दिसायला लागलं होतं ते या लेखात सांगते.

*

'ब्लॅक'ची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. सिमल्यातलं एक अँग्लो-इंडियन घर. लहानपणीच दृष्टी आणि श्रवण गमावलेली मिशेल. तिच्या कमरेला जनावरासारखी घंटा बांधलेली. तिथे देबराज सहाय नावाचा दारुडा, विक्षिप्त शिक्षक येतो आणि पहिल्यांदा ती घंटा काढतो. वडील त्याला हाकलून देतात आणि वीस दिवसांसाठी बाहेरगावी जातात. तो जात नाही. वीस दिवस जेवणाच्या टेबलावर, जिन्यावर, खोलीत झटापट चालते. शेवटच्या दिवशी तो तिला उचलून कारंज्यात टाकतो आणि तिला कळतं, की हातावर लिहिलेली अक्षरं म्हणजे हे ओलं, गार, वाहतं काहीतरी. पुढच्या पाच मिनिटांत तिला गवत कळतं, आई कळते, बाबा कळतात, टीचर कळतो.

सिनेमा वाईट आहे असं मी म्हणणार नाही. बधिरांध मूल शिकू शकतं, ही गोष्ट या देशातल्या लाखो माणसांना पहिल्यांदा त्याच दोन-एक तासांत कळली. मुंबईतली हेलन केलर इन्स्टिट्यूट १९७७पासून हेच काम करत होती, पण ती किती जणांना माहीत होती? राणी मुखर्जीने या भूमिकेसाठी सांकेतिक भाषेचे धडे तिथेच घेतले होते. तिचे हात बघा, ते खोटं बोलत नाहीत. आयेशा कपूरने केलेली छोटी मिशेल तर अंगावर काटा आणते.

पण मावशीचा प्रश्न हातांचाच होता. जिला दिसत नाही आणि ऐकू येत नाही, तिचे हात म्हणजे तिचे डोळे, तिचे कान आणि तिचं तोंड. तुम्ही तिचं मनगट पकडून हात पाण्यात घालता तेव्हा तुम्ही तिची मान धरून चेहरा एका बाजूला वळवत असता, आणि वर तिच्या तोंडावर हातही ठेवत असता. अशा मुलांसोबत काम करणारे शिक्षक म्हणून गेली कित्येक वर्षं उलटं शिकवतात. मुलाच्या हातावर आपला हात ठेवायचा नाही, मुलाच्या हाताखाली ठेवायचा. आपला हात वस्तूकडे जातो, मुलाचा हात त्यावर स्वार होऊन येतो. नको वाटलं तर तो केव्हाही उचलून घेऊ शकतो. बाहेरून बघणाऱ्याला फरक दोन इंचांचाही वाटणार नाही. पण एकात मूल सामान आहे आणि दुसऱ्यात प्रवासी.

देबराज सहायचे हात कायम वर असतात. कॅमेऱ्याला ते सोयीचंही आहे. वरचा हात दिसतो, खालचा हात झाकला जातो. मोठ्या स्टारचा हात झाकून कोण ठेवेल?

*

ही सगळी गोष्ट मुळात अलाबामातल्या टस्कंबिया गावातली आहे. ३ मार्च १८८७ रोजी ॲन सलिव्हन ही वीस वर्षांची, स्वतः अर्धवट दृष्टी असलेली मुलगी केलर कुटुंबाच्या घरी आली. हेलन तेव्हा सात वर्षांचीही नव्हती. त्या दिवसांत ॲन बॉस्टनच्या पर्किन्स संस्थेतल्या सोफिया हॉपकिन्स यांना पत्रं लिहीत होती. हेलन केलरच्या १९०३ सालच्या आत्मचरित्रामागे ती छापलेली आहेत, आणि मला विचाराल तर आत्मचरित्रापेक्षा ती जास्त वाचनीय आहेत. कुणीतरी रोज रात्री आपल्याच चुकांची नोंद करून ठेवावी तशी.

मार्चमधली पत्रं म्हणजे लढाईचा वृत्तांत. जेवणाच्या खोलीला कडी लावून केलेली मारामारी, जमिनीवर फेकलेले चमचे, रुमालाची घडी घालायला लावण्यासाठी गेलेला आणखी एक तास. त्या दिवसांत ॲनचं मत पक्कं होतं, की आधी आज्ञापालन, मग ज्ञान. विल्यम गिब्सनच्या नाटकाने आणि आर्थर पेनच्या १९६२च्या 'द मिरॅकल वर्कर'ने हे पत्र उचललं. त्यातला जेवणघराचा प्रसंग जवळजवळ नऊ मिनिटं चालतो. ॲन बॅनक्रॉफ्ट आणि पॅटी ड्यूक या दोघींनाही त्या सिनेमाने ऑस्कर दिलं. प्रसंग खरोखरच जबरदस्त आहे, संवाद जवळजवळ नाहीतच, फक्त खुर्च्या, अंडी, पाणी आणि दोन थकत चाललेली शरीरं. भन्साळींनी तोच प्रसंग सिमल्याला नेला.

मग ५ एप्रिल. हापशाखाली हेलनचा मग, त्यावर पडणारं पाणी, तळहातावर पाच अक्षरं. इथे दोन्ही सिनेमे शिखरावर पोचतात. पण ॲनच्या पत्रांत काय लिहिलंय? ३१ मार्चपर्यंत हेलनला अठरा नामं आणि तीन क्रियापदं बोटांवर येत होती. अडचण वेगळीच होती. 'मग', 'दूध' आणि 'पिणं' यांचा तिच्या डोक्यात गुंता झाला होता, कारण या तिन्ही गोष्टी तिच्यापुढे नेहमी एकत्रच यायच्या. दूध मगातूनच यायचं आणि मग पिण्यासाठीच हातात यायचा. ॲनने हापशावर केलं ते इतकंच, की मगावर पाणी वाहतं ठेवलं आणि एक गोष्ट दुसरीपासून सुटी करून दाखवली. मी दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधते, त्यामुळे असेल, पण मला हा भाग हापशातल्या चमत्काराहून सुंदर वाटतो. शिक्षिकेने गुंता नेमका कुठे आहे ते ओळखलं होतं.

आणखी एक गोष्ट. हेलनची दृष्टी आणि श्रवण एकोणीस महिन्यांची असताना गेले. त्याआधी ती काही शब्द बोलायला लागली होती, आणि त्यातला एक पाण्याचाच होता. आजारानंतरही ती तो मोडकातोडका आवाज काढत राहिली, असं तिनेच लिहून ठेवलंय. हापशाने रिकाम्या जमिनीत बी पेरलं नव्हतं. बी आधीच होतं. जन्मतः ज्याला दिसत नाही, ज्याचं शरीर त्याचं ऐकत नाही, ज्याच्या मेंदूला आवाज आणि चित्र एकाच वेळी पेलत नाही, अशा मुलाच्या आईला हापसा दाखवून आपण तिला कसलं वचन देतो, हे जरा बघायला हवं.

माझं खरं भांडण मात्र पुढच्या पत्राशी निगडित आहे. १० एप्रिलचं पत्र. चमत्कार होऊन पाच दिवस झालेत. ॲन लिहिते, की मी आता ठरावीक वेळेचे धडे बंद करणार आहे. घरातल्या पंधरा महिन्यांच्या एका बाळाला ती काही दिवस न्याहाळत होती. त्या बाळाला कुणी शब्द शिकवत बसत नाही. लोक त्याच्याशी बोलतात, पूर्ण वाक्यांत, ते काही बोलणार नाही हे माहीत असूनही. मग मीही हेलनच्या हाताशी तसंच बोलेन, असं ती ठरवते. पूर्ण वाक्यं, आणि परतफेडीची अपेक्षा नाही. मे महिन्यात तर ती लिहिते, की खास शिक्षणाच्या गुंतागुंतीच्या पद्धतींचाच मला आता संशय यायला लागलाय.

म्हणजे मार्चमधली कडक बाई पाच आठवड्यांत बदलली. मूल मोडायचं आणि मग घडवायचं, यावरून ती मुलाच्या मागे मागे चालण्यावर आली. तिचा सगळ्यात मोठा शोध हापशावर लागलाच नाही, तो पाच दिवसांनी एका रांगत्या बाळाकडे बघताना लागला. आणि सिनेमे? ५ एप्रिलला पाणी उडतं, आई-वडील धावत येतात, शिक्षिका कवेत घेते, पडदा. 'ब्लॅक' पुढे जातो, पण वर्षं ओलांडून थेट कॉलेजात, परीक्षेत, पदवीच्या काळ्या झग्यात. शेवटी अल्झायमर झालेल्या सरांना मिशेल तोच पाण्याचा शब्द शिकवते, म्हणजे गोष्ट फिरून पुन्हा त्याच पाण्यात. दहा एप्रिलच्या पत्रावर आजवर कुणी सिनेमा काढलेला नाही. त्या पत्रात बघण्यासारखं घडतच नाही ना काही. एक बाई एका मुलीच्या हातात बोलत राहते, एवढंच.

*

मावशीकडे आठवड्यातून दोनदा एक स्पेशल एज्युकेटर बाई येत. पहिल्या दिवशी त्यांनी शिकवलंच नाही, हे मावशी अजून सांगते. भाऊ तेव्हा सात वर्षांचा होता आणि दिवसाचा बराच वेळ एका फळीवर पडून असायचा. ही फळी म्हणजे पातळ प्लायवूड, खाली कडेने लाकडी पट्टी ठोकलेली, त्यामुळे मधला भाग जमिनीपासून जरा वर राहतो आणि साधं नख घासलं तरी सगळी फळी थरथरते. डेन्मार्कच्या लिली निल्सन यांची ही कल्पना. मिरजेच्या सुताराने ती एका दुपारी करून दिली आणि पैसे घेतले नाहीत. भाऊ टाच आपटायचा. बाई शेजारी आडव्या झाल्या आणि त्यांनीही टाच आपटली. तो थांबला. त्यांनीही आपटणं थांबवलं. मग नुसतं पडून राहणं. मावशी दारात उभी, मनात म्हणतेय, या बाईंना पैसे कशाचे देतोय आपण? बऱ्याच वेळाने त्याने एकदा टाच आपटली. बाईंनी एकदा आपटली. असं अर्धा तास.

नेदरलँड्सचे यान व्हान डाइक यांनी १९६०च्या दशकात गर्भातल्या रुबेलामुळे बधिरांध झालेल्या मुलांबरोबर काम करताना हे नीट मांडलं. मूल जी हालचाल आधीच करतंय तिच्यात सामील व्हा. सोबत झुला. मग मध्येच थांबा आणि वाट बघा. मूल अंगाने काहीतरी सांगेल, पुन्हा कर म्हणून. तो झटका, ते रेलणं, हेच पहिलं वाक्य. शब्द फार नंतर येतात, काहींच्या बाबतीत येतच नाहीत, आणि तरीही संवाद चालू असतो.

वाट बघणं. यात मी स्वतः सणकून आपटले होते, ते सांगते. नोकरीला लागून वर्ष झालं होतं आणि मी एका शनिवार-रविवारात भावासाठी टॅबवर चालणारं ॲप बनवलं. त्याला लाल रंग दिसतो हे मावशीने सांगितलं होतं. काळ्या स्क्रीनवर लाल चेंडू, लाल चमचा, लाल मोटार. हात लावला की आवाज. हात लावला नाही तर तीन सेकंदांनी पुढचं चित्र, कंटाळा येऊ नये म्हणून. पहिल्यांदा तो हसला. मी व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकला आणि चाळीस हात जोडलेले इमोजी आले. माझा हापसा! दुसऱ्या दिवशी त्याने तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी टॅब समोर आणला की तो रडायला लागला.

बाईंनी ॲप पाच मिनिटं बघितलं आणि विचारलं, "तीन सेकंदच का?" मेंदूमुळे बघण्यात अडचण असलेल्या मुलांना चित्र समोर आल्यापासून ते खरोखर दिसेपर्यंत वेळ लागतो, कधी दहा सेकंद, कधी पंधरा, दमलेलं असेल तर त्याहून जास्त. माझा भाऊ पहिला चेंडू बघायला तयार व्हायचा तेव्हा पडद्यावर चौथी वस्तू असायची. वर आवाज. अशा मुलांना ऐकताना बघणं जमत नाही, म्हणून बाई बोलणंच बंद करून चमचा दाखवायच्या, पंखासुद्धा बंद करायच्या. नक्षीचा ड्रेस घालून त्या कधी आल्या नाहीत, कायम काळा कुर्ता, की समोरच्या लाल चमच्यामागे दुसरं काहीच नको. आणि त्याने तोंड फिरवून चमच्याकडे हात नेला तर ते दुर्लक्ष नसतं. आधी बघायचं, मग नजर काढून हात न्यायचा. दोन्ही एकदम होत नाही, एवढंच. मी ते सगळं कंटाळा म्हणून लॉगमध्ये नोंदवत होते.

बाईंची पद्धत अशी की काही दाखवलं की मनातल्या मनात पंधरापर्यंत मोजायचं. तुम्ही आत्ता मोबाइल खाली ठेवून मोजून बघा. असह्य होतं. सिनेमात पंधरा सेकंद काहीच न घडणं म्हणजे प्रेक्षक व्हॉट्सॲप उघडणार. 'ब्लॅक'मध्ये मिशेलला उत्तर द्यायला कुणी पंधरा सेकंद दिलेत असं दृश्य मला सापडलं नाही, प्रत्येक मोकळ्या जागेत व्हायोलिन शिरतं. मला वाटतं या सिनेमांची खरी अडचण शिक्षकाच्या चापटीत नाही, ती एडिटिंगच्या टेबलावर आहे. जी शिकवण वाट बघण्यावर उभी आहे ती कापून काढल्याशिवाय सिनेमा पळत नाही. आणि ॲपही पळत नाही, हे ओघाने आलंच. माझं तरी पळालं नाही.

आता मगाची गोष्ट. योगायोगच म्हणायचा, पण भावाच्या गोष्टीतही मगच आहे. बाईंनी त्याच्यासाठी एक लांबट पेटी करवून घेतली, खण पाडलेली. प्रत्येक खणात दिवसातल्या एका कामाची वस्तू, तीच वस्तू, रोज. चमचा म्हणजे जेवण. आंघोळीचा मग म्हणजे आंघोळ. सायकलची घंटी म्हणजे गच्चीवर जाणं. काम सुरू होण्याआधी ती वस्तू हाताला लावायची, काम झालं की शेजारच्या टोपलीत टाकायची, म्हणजे संपलं. आपल्याला घड्याळ दिसतं, बाहेरचा उजेड दिसतो, आई टॉवेल घेऊन येताना दिसते. त्याला काहीच न कळता एकदम अंगावर पाणी पडायचं. रोज. सात वर्षं.

वर्षभर, रोज, मग हाताला लावला गेला. त्याने एकदाही तो आपणहून धरला नाही. मग चौदाव्या महिन्यात एका सकाळी मावशीने मग त्याच्या हाताखाली आणला आणि त्याने तो ढकलून दिला. मावशीला वाटलं, झटका असेल. तिने पंधरा मोजले, पुन्हा आणला. त्याने पुन्हा ढकलला, आणि मग पेटीवर हात घासत घासत टोपलीवर नेऊन ठेवला.

संपलं. नको.

मावशीने बाईंना फोन केला. बाईंनी विचारलं, "मग आंघोळ घातलीत का?" मावशी म्हणाली, घातली, तेल लावून ठेवलं होतं ना. बाई म्हणाल्या, "ताई, आयुष्यात पहिल्यांदा तो काहीतरी बोलला. आणि आपण ऐकलं नाही." दुसऱ्या दिवशी त्याने मग ढकलला तेव्हा मावशीने त्याला तेलासकट तसाच राहू दिला. आजी दिवसभर कुरकुरत होती.

'ब्लॅक'चा पहिला शब्द पाणी आहे, 'द मिरॅकल वर्कर'चाही. माझ्या भावाचा पहिला शब्द पाणी नको हा होता. दोन्ही सिनेमांचा पूर्वार्ध म्हणजे एका मुलीचं 'नको' मोडून काढण्याची कहाणी आहे. ताट फेकणं, नखं मारणं, पळून जाणं हे सगळं तिचं बोलणंच होतं, फक्त त्याला संवादलेखकाने संवाद मानलं नाही.

*

'मारी ह्युर्तां' हा २०१४चा फ्रेंच सिनेमा या बाबतीत जरा बरा आहे. गोष्ट खरी. जन्मतः बधिरांध असलेली मारी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्वातियेजवळच्या लार्ने इथल्या जोगिणींच्या शाळेत आलेली, आणि तिला शिकवणारी सिस्टर मार्गरीत. इथेही ओढाताण आहे, केस विंचरण्यावरून युद्ध आहे. पण सिस्टर पहिली खूण कशाची शिकवते? मारी घरून आणलेला एक छोटा चाकू कायम जवळ बाळगते, त्याची. मुलीला जे आवडतं तिथून सुरुवात. मध्ये ऋतू बदलतात, महिने जातात, सिस्टर हताश होते आणि दिग्दर्शक ती हताशा घाईने आवरत नाही. मारीची भूमिका आरियाना रिव्हुआर या बधिर मुलीने केलीय, त्याने खूप फरक पडतो. तरी खूण कळल्यावर शब्दांचा धबधबा कोसळतोच. तेवढी सवलत कुणीच सोडत नाही.

आपल्याकडे साई परांजप्यांनी 'स्पर्श'मध्ये दिल्लीच्या अंधशाळेतल्या खऱ्या मुलांना पडद्यावर आणलं, आणि त्या मुलांना खोड्या करू दिल्या, हे अजूनही दुर्मीळ आहे. त्यांचा मुख्याध्यापक कीव कुठून सुरू होते ते वास काढून ओळखतो. पण ती मुलं चालतात, गातात, उत्तरं देतात. माझ्या भावासारखं मूल त्या शाळेच्या दारातून आत आलं नसतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात बहुविकलांगता आणि बधिरांधत्व यादीत आहे. शाळेच्या दारात मात्र मावशीला अजून ऐकावं लागतं, की आमच्याकडे फक्त अंध घेतात. पुढच्या शाळेत, आमच्याकडे फक्त मतिमंद.

शेवटी ज्या सिनेमापाशी मी थांबले तो वेर्नर हर्झॉगचा १९७१चा माहितीपट आहे, 'शांततेचा आणि अंधाराचा प्रदेश' असा नावाचा अर्थ. फिनी स्ट्राउबिंगर ही पोक्त जर्मन बाई लहानपणी जिन्यावरून पडली, मग आधी दृष्टी गेली, नंतर श्रवण, आणि कित्येक वर्षं ती अंथरुणात होती. आता ती बव्हेरियात आपल्यासारख्या माणसांना शोधत फिरते आणि त्यांच्या तळहातावर लॉर्म लिपीत बोलते. या लिपीत हाताचा प्रत्येक बिंदू, प्रत्येक रेघ म्हणजे एक अक्षर.

हर्झॉग साधूही नाही. सिनेमाच्या सुरुवातीला फिनी स्की-उडी मारणाऱ्या माणसांची जी आठवण सांगते ती त्याने स्वतः लिहून दिली होती, हे त्याने नंतर कबूल केलं. एका बधिरांध बाईच्या तोंडी आपलं वाक्य घालणं म्हणजे मनगट धरून हात फिरवणंच झालं. त्याला ही माणसं कधीकधी एकटेपणाची प्रतिमा म्हणून हवी असतात, आणि तिथे मला त्याचा राग येतो.

पण मग व्लादिमिर येतो. बावीस वर्षांचा, जन्मतः बधिरांध, ज्याला कुणी काही शिकवलं नाही असा मुलगा. तो जमिनीवर बसून तोंडाने फुर्र आवाज काढतो, चेंडू स्वतःच्या तोंडावर आपटतो. फिनी त्याच्या शेजारी बसते. त्याच्या हातात रेडिओ दिला जातो. आता 'ब्लॅक' असता तर व्हायोलिन सुरू झालं असतं. हर्झॉगचा कॅमेरा काहीच करत नाही. व्लादिमिर रेडिओ चाचपतो, छातीशी धरतो, त्याची थरथर त्याच्या अंगात उतरते, आणि तो तसाच धरून राहतो. बोलत नाही, हसतही नाही. शॉट चालू राहतो. मी नकळत मोजत होते, पंधराच्या कितीतरी पुढे गेले.

या प्रसंगात कुणी कुणाला काही शिकवलं का? बाईंना विचारलं तर त्या म्हणतील, पहिला धडा झाला. टाच आपटली, उत्तर आलं. शिक्षकांच्या प्रशिक्षणात दाखवायला मी चारपैकी हाच तुकडा निवडीन, आणि सोबत हेही सांगेन, की पुढचा धडा कॅमेऱ्याने बघितला नाही, कारण फिनी दुसऱ्या माणसाकडे जायला निघाली आणि युनिट तिच्यामागे गेलं. शेवटी हाइनरिख फ्लाइशमान नावाचा, काही काळ गोठ्यात गुरांसोबत राहिलेला माणूस बागेत चालत चालत एका झाडाला अडखळतो आणि त्याच्या फांद्या, पानं, बुंधा हाताने बघत राहतो. त्याला कुणी झाडापाशी नेलेलं नाही. ज्यांना हाताखाली हात म्हणजे काय ते समजून घ्यायचंय त्यांनी आधी हे बघावं.

या उन्हाळ्यात मी तो व्लादिमिरचा तुकडा फोनवर घेऊन मावशीकडे गेले. भाऊ आता सतरा वर्षांचा आहे, पेटीत अकरा खण झालेत, मगाचा खण अजून वादग्रस्त आहे. मावशीने शेंगा सोलता सोलता तो तुकडा शेवटपर्यंत बघितला, एकदाही थांबव म्हणाली नाही. मग तिने हात पुसले, फोन स्वतःकडे घेतला, मागे नेला आणि पुन्हा बघितला.

"तो रेडिओ," ती म्हणाली, "त्याच्यापाशीच ठेवला का गं त्यांनी? की शूटिंग झाल्यावर काढून घेतला?"